फाइलींचे स्थलांतर

कार्यालयीन प्रणालीची आवृत्ती बदलली, की कधी कधी तिच्या फाइलींचा साचाही बदलतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’मध्ये १९९७ च्या आवृत्तीपासून चालत आलेला ‘डॉक’ साचा २००७ च्या आवृत्तीत मागे पडून ‘डॉकएक्स’ हा साचा रूढ झाला. नव्या आवृत्तीत जुन्या फाइली उघडत. परंतु २००३ च्या आवृत्तीला नव्या फाइली वाचण्यासाठी पूरक प्रणाली बसवावी लागे. नवा मजकूर जुन्या साच्यात जतन करता येई खरा. मात्र तसे करताना गणिती समीकरणांची नुसती चित्रे होत व ती दुरुस्त करता येत नसत. म्हणून रूपांतर नेहमी प्रतीचे करावे. तक्ते, तळटीपा व समीकरणे ताडून पाहावीत. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी.