आठ बाटल्यांचे भांडवल

‘भांडवल’ या शब्दाची व्याख्या आम्ही वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी पाठ केली. तिचा अर्थ मात्र मला गेल्या दिवाळीच्या आधी माळा साफ करताना उमगला. माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात दहा चिमुकल्या मूर्ती होत्या. मी आठवीत असताना इंग्लंडहून आलेल्या मामांनी त्या आणल्या होत्या : ऑर्क नावाचे राक्षस, दाढीवाले बुटके, टोकदार कानांचे एल्फ. त्यांपैकी सहा मी त्या वेळी रंगवल्या होत्या. त्या पाहिल्या आणि पुन्हा लाज वाटली. चेहऱ्यांवर जणू पिठल्याचा लेप चढला होता. नववीत मी डबा बंद केला, दहावीचे वर्ष आले आणि ‘आपल्याला हात नाही’ असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. तो निकाल चुकीचा होता, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मूर्ती आहेत तरी केवढ्या?

कल्पनेतल्या युद्धांचे हे खेळ मूळचे आपल्याकडचे नव्हेत. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. १९७५ साली इंग्लंडात ‘गेम्स वर्कशॉप’ ही संस्था निघाली आणि १९८३ साली तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. या खेळांसाठी मूर्ती लागतात, आणि त्या बहुधा बिनरंगी मिळतात. रंगवणे हा वेगळाच छंद होऊन बसला आहे. पूर्वी त्या धातूच्या ओतीव असत. आता बऱ्याचशा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या असतात. नेहमीचे माप २८ मिलिमीटर. म्हणजे उभ्या माणसाची तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची एवढीच. डोके तुरीच्या दाण्याएवढे, आणि त्या दाण्यावर नाक, ओठ, दात सगळे कोरलेले.

आपण बेळगावची मुले दिवाळीत किल्ला करतो. त्यावरची चित्रे, म्हणजे मावळे, तोफा, गवळणी, मीही पोस्टर कलरने रंगवली आहेत. मातीचा मावळा चांगला वीतभर असतो आणि माती रंग शोषून घेते. तिथे जाड हात खपून जातो. तीच रीत मी तुरीच्या दाण्यावर चालवली आणि फसलो.

चूक हाताची की रंगाची?

पहिल्या तीन मूर्ती मी पोस्टर कलरने रंगवल्या. या रंगाला बांधून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे दुसरा थर देताना पहिला उकलतो, आणि घामेजल्या बोटांनी धरले तरी रंग निघतो. पुढच्या तिन्हींना घराच्या खिडकीच्या गजांसाठी आणलेला ऑइलपेंट लावला. तो चिकट, जाड, वाळायला दिवस लागणारा. कोरीव खाचा त्याने भरून गेल्या. तो काढायला मी थिनर वापरला आणि एका ऑर्कचा अर्धा चेहराच वितळला. पॉलिस्टायरीनला थिनर चालत नाही, नखांचे पॉलिश काढायचे अ‍ॅसिटोनही चालत नाही, हे तेव्हा सांगणारे कोणी नव्हते.

या कामाला लागतो तो अ‍ॅक्रिलिक रंग. त्यात रंगाची पूड आणि प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते कण एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा तयार होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून एकावर एक असे अनेक पातळ थर देता येतात. मूर्तींसाठीच्या बाटल्यांतील पूड बारीक दळलेली असते, त्यामुळे पातळ थरातही रंग बसतो. चित्रकलेच्या ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक सहसा दाट असतो. सरावाला तो चालतो, पण पाणी घालून नीट सैल करावा लागतो.

एकतीसवरून आठवर

एवढे वाचून झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. वहीत एकतीस बाटल्यांची यादी केली. तीन हिरवे, चार लाल, दोन प्रकारचे सोनेरी. वसतिगृहातला माझा मित्र गोकाकचा. तो या अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याने यादी पाहून विचारले, “इष्टु बण्ण याके?” इतके रंग कशाला? मी सांगू लागलो, तर त्याने माझ्याच हातातली पेन्सिल घेतली आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न ठेवला : हा रंग दुसऱ्या दोघांपासून होतो का? होत असेल तर काट. तासाभराने यादीत आठ नावे उरली. तो म्हणाला, “साकु.” पुरे. ती आठ अशी :

१. पांढरा. टायटॅनियम डायऑक्साइडचा. चांगला झाकतो आणि सगळ्यांना उजळवतो; जास्त झाला तर रंग खडूसारखा दिसतो.
२. काळा. थेंबभरच लागतो. पिवळ्यात जरासा मिसळला तर शेवाळी हिरवा होतो. ऑर्कच्या कातडीला तोच हवा.
३. यलो ऑकर, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग. केस, दोर, चामडे, मानवी कातडी यांचा पाया.
४. बर्न्ट अंबर, गडद मातकट तपकिरी. लाकूड, पट्टे, बूट आणि सावल्या.
५. लाल.
६. पिवळा.
७. अल्ट्रामरीन निळा.
८. चंदेरी. तलवारी व चिलखते. धातूची चमक मिश्रणाने येत नाही, म्हणून ही बाटली हवीच. तिचे पाणी मात्र वेगळे ठेवावे, नाहीतर चमचमणारे कण सगळ्या रंगांत शिरतात.

ऑकर आणि अंबर मिश्रणाने होत नाहीत का? जवळपास होतात. पण ते वारंवार लागतात, आणि काल केलेली छटा आज तंतोतंत जमत नाही. शिवाय या दोघांत लोहाचे ऑक्साइड असते व ते चांगले झाकतात. उलट पिवळा आणि बरेचसे लाल अर्धपारदर्शक असतात. काळ्यावर पिवळा लावाल तर पाच थर देऊनही घाणेरडाच दिसेल. खाली आधी ऑकर लावावा, मग पिवळा. लालाखाली अंबरमध्ये थोडा लाल मिसळून लावावा. हे समजल्यावर माझे निम्मे काम हलके झाले.

आठांचे हे अंकगणित परिपूर्ण नाही, हेही सांगतो. साधा लाल आणि अल्ट्रामरीन मिळून झळझळीत जांभळा होत नाही, मळकट होतो. जादूगाराचा झगा जांभळाच हवा असेल तर नववी बाटली घ्यावी. वीस ऑर्क एकाच हिरव्यात रंगवायचे असतील तरीही तयार हिरवा घ्यावा. माझा नियम असा : एखादे मिश्रण तिसऱ्यांदा करावे लागले, की तो रंग विकत घ्यायचा. त्याआधी नाही.

स्वीडिश चित्रकार आंदेर्श सोर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखली जाणारी रंगयोजना तर चारच रंगांची आहे : पांढरा, काळा, ऑकर आणि शेंदरी लाल. त्यातून माणसाची कातडी किती प्रकारे उतरते, हे त्याची व्यक्तिचित्रे पाहून कळते. आपल्याकडे तर दुप्पट आहेत!

संच स्वस्त की महाग?

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हिशेब न मांडता लेख संपवणे बरे नव्हे. समजा, चोवीस बाटल्यांचा संच २४०० रुपयांना आहे आणि सुटी बाटली १५० रुपयांना. संचात बाटली १०० रुपयांना पडते, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण त्यातल्या आठच वापरल्या, तर वापरातली प्रत्येक बाटली ३०० रुपयांना पडली आणि सोळा पडून राहिल्या. सुट्या आठ १२०० रुपयांत येतात. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आपण संत्र्यांच्या उदाहरणाने शिकतो. तो लाल रंगांनाही लागू आहे. पहिल्या लालाने मूर्ती उभी राहते, चौथ्या लालाने फक्त कपाट भरते.

वाचलेल्या पैशांतून तीन गोष्टी घ्याव्यात : अस्तराचा रंग म्हणजे प्रायमर, टोक धरणारा एक चांगला गोल ब्रश, आणि शेवटी लावायचे मॅट वार्निश. गुळगुळीत प्लास्टिकवर अस्तराशिवाय रंग टिकत नाही. त्याआधी मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण साच्याचा तेलकटपणा अंगावर राहिलेला असतो. अस्तराचा फवारा आपल्या पावसाळ्यात मारू नये. दमट हवेत तो खरखरीत, पांढुरका बसतो. उघडीप पाहावी, नाहीतर ब्रशने लावायचे अस्तर घ्यावे.

जुन्या बाटल्या घरात असतील तर आधी त्या तपासाव्यात. रंग नुसता दाट झाला असेल तर थेंब थेंब पाणी घालून ढवळावा. रबरासारखा गोळा झाला असेल तर तो पुन्हा सैल होत नाही, टाकून द्यावा. आणि रंग नेहमी दुधाइतका पातळ करून दोन थर द्यावेत. एकाच दाट थरात काम उरकण्याची घाई हीच माझी आठवीतली खरी चूक.

शेवटी

पोस्टर कलरच्या तिन्ही मूर्ती कोमट साबणपाण्यात ठेवल्या. जो रंग टिकत नाही म्हणून मी रडलो होतो, तो सहज निघून गेला आणि खालून कोरीव दात, पापण्या, चिलखताच्या कड्या जशाच्या तशा वर आल्या. पाच वर्षे त्या तिथेच होत्या.

तरी पहिली मी रंगवली ती वितळलेल्या चेहऱ्याचीच. वितळलेल्या बाजूला अंबर आणि लाल, वर ऑकर-पांढऱ्याच्या बारीक रेषा. आता तो लढाईत भाजून परतलेला जुना योद्धा दिसतो. मित्राने तो तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि मग परत देईना. मी तो त्याला देऊन टाकला.

मित्रहो, आपल्यापैकी किती जणांनी दहावीच्या उंबरठ्यावर पेटी, कुंचला, बासरी माळ्यावर टाकली असेल! ‘हात नाही’ म्हणण्यापूर्वी हातात काय दिले होते तेही एकदा पाहावे. आणि पुन्हा सुरुवात करताना सगळे दुकान घरी आणू नये. आठ बाटल्या साकु.