मानेच्या शस्त्रक्रियेनंतर जखम का चिघळते?

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला भेटावयास गेले की घरची मंडळी हटकून विचारतात, "ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, मग जखम का भरत नाही?" कारणे अनेक असतात, त्यांपैकी एक सहसा ध्यानात येत नाही. ते म्हणजे दाब.

कातडीला रक्त पोचविणाऱ्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब सुरुवातीस पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर व शेवटी सुमारे १२ मिलिमीटर एवढाच असतो. बाहेरचा दाब याहून वाढला की वाहिनी मिटते. पाटात ढेकूळ अडकले म्हणजे पुढचा वाफा कोरडा राहतो, तसेच हे.

हा दाब येतो कोठून? रोग मानेतील गाठींत पसरतो म्हणून त्या काढाव्या लागतात. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली ही शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली. गाठी काढल्यावर कातडीखाली पोकळी उरते. तीत रक्त वा पाणी साचले की ते कातडीला आतून रेटते. ते बाहेर यावे म्हणून डॉक्टर नळी व बाटली लावतात. नळी मुडपली की पाणी आतच तुंबते. श्वासनळीच्या छिद्रातील नळीची नाडी फार आवळली, तरीही शिरा दबतात.

पूर्वी किरणोपचार झालेल्या कातडीत बारीक वाहिन्या मुळातच कमी उरतात. त्यात विडी-सिगारेट असेल तर निकोटिन वाहिन्या आकसून टाकते. मग कडा काळ्या पडतात, शिवण उसवते, क्वचित लाळ मानेतून पाझरते. अशा वेळी मोठी धमनी उघडी पडून फुटण्याचेही भय असते.

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे:

१. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उशाकडील बाजू उंच ठेवावी.

२. नळी मुडपू देऊ नये. रुग्णाच्या अंगाखाली येऊ देऊ नये.

३. पट्टी वा नाडी आवळ वाटल्यास स्वतः सोडू नये, नर्सला सांगावे.

४. डाळ, अंडी, दूध असा पोषक आहार, गरज तर नाकातील नळीने, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावा.

५. तंबाखू कोणत्याही रूपात देऊ नये.

मान एकाएकी फुगली, श्वास घरघरू लागला, नळीतून ताजे लाल रक्त वाहू लागले किंवा कातडी निळी-काळी दिसली, तर सकाळच्या फेरीची वाट पाहू नका. त्याच क्षणी हाक मारा. साचलेले रक्त श्वासनळीचा मार्ग थोड्याच मिनिटांत कोंडू शकते. रात्री खाटेजवळ जागणाऱ्या माणसाला एवढे ठाऊक असले, तर एक जीव वाचू शकतो.