आशियातील मोठे जलाशय आणि गाळाचा प्रश्न

आशिया खंडाच्या फार मोठ्या भागात पाऊस वर्षातून तीन-चार महिनेच पडतो. शेतीला, गावाला आणि कारखान्याला मात्र पाणी बारा महिने लागते. ही तफावत भरून काढण्यासाठी मनुष्याने नद्या अडविल्या आणि निसर्गाने जेथे सरोवर दिले नव्हते, तेथे ते स्वतः निर्माण केले. अशा जलाशयांची माहिती देताना धरणाची उंची, भिंतीची लांबी व पाणीसाठा यांचे आकडे सांगण्याची प्रथा आहे. तथापि, जलाशय किती मोठा आहे, याइतकाच तो किती काळ टिकणार, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी धरणाच्या वरच्या अंगाला, पाणलोट क्षेत्रात सापडते. नदी केवळ पाणी आणीत नाही; ती मातीही आणते.

जुन्या तलावांची शिकवण

जलाशय बांधण्याची विद्या आशियात प्राचीन आहे. श्रीलंकेच्या कोरड्या प्रदेशात पोलोन्नरुवा येथे पहिला पराक्रमबाहू (इ. स. ११५३ ते ११८६) याने ‘पराक्रम समुद्र’ नावाचा विस्तीर्ण तलाव सिद्ध केला. मधल्या शतकांत दुर्लक्षित झालेला हा तलाव आधुनिक काळात दुरुस्त करण्यात आला असून आजही त्याच्या पाण्यावर भातशेती होते. जपानमधील कागावा परगण्यात ‘मान्नो-इके’ हा तलाव आठव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. इ. स. ८२१ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली. पुढे इ. स. ११८४ मध्ये तो पुराने फुटला आणि इ. स. १६३१ मध्ये पुन्हा उभारला गेला. तोही आज सिंचनासाठी वापरात आहे.

हे तलाव टिकले, ते एकदा उत्तम बांधले गेले म्हणून नव्हे. ते पुनःपुन्हा दुरुस्त झाले म्हणून टिकले. श्रीलंकेतील गावतलावांच्या रचनेत गाळाचाही विचार केलेला आढळतो. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा एक पट्टा राखला जाई; त्याला ‘गसगोम्मन’ म्हणत. पाणी ज्या वाटेने तलावात शिरे, तेथे गवताचा पट्टा असे. त्याला ‘पेरहन’, म्हणजे गाळणी, असे नाव होते. वाहून येणारी माती या गवतात अडकून राही व तलावात तुलनेने स्वच्छ पाणी जाई. तलावाचे रक्षण तलावाच्या बाहेर करावयाचे असते, हे तत्त्व त्या ग्रामस्थांना अनुभवाने उमगले होते.

विसाव्या शतकातील महाकाय जलाशय

विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीट व अवजड यंत्रे हाती आल्यावर जलाशयांचा आकार कल्पनेपलीकडे वाढला. सैबेरियात अंगारा नदीवरील ब्रात्स्क जलाशय १९६० च्या दशकात भरला. त्याची साठवण क्षमता सुमारे १६९ अब्ज घनमीटर आहे. कोयनेच्या शिवसागराची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे ३ अब्ज घनमीटर आहे, हे लक्षात घेता ब्रात्स्कमध्ये पन्नासहून अधिक शिवसागर सामावतील. तुर्कस्तानात फरात नदीवरील अतातुर्क धरणाचा जलाशय १९९० मध्ये भरू लागला. त्याची क्षमता सुमारे ४८.७ अब्ज घनमीटर आहे. चीनमधील यांगत्से नदीवरील ‘थ्री गॉर्जेस’ जलाशयाची पातळी ऑक्टोबर २०१० मध्ये प्रथमच १७५ मीटरच्या पूर्ण मर्यादेपर्यंत पोचली. त्याची क्षमता ३९.३ अब्ज घनमीटर असून तो नदीच्या पात्रात सहाशे किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला आहे.

आकाराने हे सर्व प्रचंड असले, तरी त्यांचे भवितव्य सारखे नाही. अंगारा नदी बैकाल सरोवरातून उगम पावते. त्या अतिखोल सरोवरात माती आधीच तळाशी बसते व नदी मोठ्या प्रमाणात स्वच्छ पाणी घेऊन बाहेर पडते. ब्रात्स्कला निसर्गानेच गाळणी दिली आहे. हिमालयातून किंवा पिवळ्या मातीच्या पठारावरून येणाऱ्या नद्यांना असे भाग्य लाभलेले नाही.

गाळ कोठे व कसा साचतो

वाहत्या पाण्यात माती धरून ठेवण्याची शक्ती त्याच्या वेगामुळे येते. नदी जलाशयात शिरताच वेग मंदावतो. प्रथम जाड वाळू व खडे जलाशयाच्या मुखाशीच खाली बसतात आणि तेथे त्रिभुज प्रदेशासारखा उंचवटा तयार होतो. बारीक माती मात्र पुढे जाऊन भिंतीजवळच्या खोल भागात साचते.

जलाशयाच्या तळाचा जो साठा कालव्याच्या द्वारांपर्यंत पोचत नाही, त्यास मृतसाठा म्हणतात. त्यावरचा तो उपयुक्त साठा. गाळ प्रथम केवळ मृतसाठ्याची जागा व्यापतो आणि ती भरेपर्यंत काळजीचे कारण नसते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मुखाशी साचणारा जाड गाळ पहिल्या वर्षापासूनच उपयुक्त साठ्याची जागा घेऊ लागतो. वरून पाण्याचा विस्तार तेवढाच दिसतो. खोली मात्र कमी होत जाते. म्हणूनच ठराविक वर्षांनी जलाशयाचे मोजमाप करणे आवश्यक ठरते.

सानमेनशियाचा धडा

गाळाकडे दुर्लक्ष केल्याचे सर्वांत बोलके उदाहरण चीनमधील पीत नदीवर घडले. ही नदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दरवर्षी सरासरी सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. तिच्यावर सानमेनशिया येथे १९५७ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. वरच्या पठारावरील मृदसंधारणामुळे गाळ लवकरच कमी होईल, असे गृहीत धरण्यात आले होते. ह्वांग वान्ली या अभियंता-प्राध्यापकांनी त्याच वर्षी या योजनेस विरोध केला. धरण बांधावयाचेच असेल, तर निदान तळाची द्वारे बुजवू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही.

सप्टेंबर १९६० मध्ये पाणी अडविण्यास आरंभ झाला. पहिल्या दीड वर्षात नदीने आणलेल्या गाळापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गाळ जलाशयातच अडकला. वरच्या बाजूस तुंगक्वान येथे नदीचे पात्र सुमारे साडेचार मीटर उंचावले. वेई या उपनदीचे पाणी तुंबू लागले आणि शियान शहराच्या परिसराला पुराचा धोका निर्माण झाला. तेव्हा १९६२ मध्ये पाणी साठविणे थांबवावे लागले. पुढील काळात डाव्या तीरावर दोन बोगदे खोदण्यात आले आणि पूर्वी बुजविलेली तळाची द्वारे पुन्हा फोडून उघडण्यात आली. पुरातील गढूळ पाणी सोडून द्यावयाचे व पूर ओसरल्यावरचे स्वच्छ पाणी साठवावयाचे, ही पद्धत १९७३ च्या अखेरीपासून अवलंबिण्यात आली. गाळाचा समतोल त्यामुळे साधला. परंतु मूळ अपेक्षेच्या मानाने धरणाचा लाभ फार घटला.

हिमालयीन नद्या आणि एका वादळाचा गाळ

सिंधू नदीवरील पाकिस्तानातील तर्बेला जलाशय १९७० च्या दशकात पूर्ण झाला. त्याची मूळ क्षमता सुमारे १४ अब्ज घनमीटर होती. आज त्यातील एक तृतीयांशाहून अधिक गाळाने व्यापली आहे. झेलम नदीवरील मंगला जलाशय १९६७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा मीरपूर परिसरातील एक लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली होती. गाळामुळे क्षमता घटल्याने २००९ पर्यंत त्याची भिंत सुमारे ९ मीटरने वाढविण्यात आली व त्यासाठी पुन्हा हजारो कुटुंबांना विस्थापित व्हावे लागले. भारतात सतलजवरील भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या गोविंदसागर जलाशयाचाही सुमारे एक चतुर्थांश भाग गाळाने भरला आहे.

गाळ नेहमीच हळूहळू येतो असेही नाही. तैवानमध्ये ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळाच्या अतिवृष्टीने डोंगर ढासळले आणि त्सेंगवेन जलाशयात त्या एका वादळात सुमारे ९ कोटी घनमीटर गाळ येऊन पडला.

उपायांचे तीन मार्ग

गाळावर तीन प्रकारे उपाय करता येतो. पहिला मार्ग म्हणजे माती जागेवरच रोखणे. चीनच्या पिवळ्या मातीच्या पठारावर पायऱ्यांची शेते, नाल्यांवरील बांध व वृक्षलागवड यांची कामे अनेक दशके चालली. तीव्र उतारावरील नांगरट सोडून तेथे झाडे व गवत लावणाऱ्या शेतकऱ्यांना १९९९ पासून धान्य व रोख मदत देण्यात आली. या कामांमुळे, तसेच वरच्या धरणांमुळे आणि घटलेल्या प्रवाहामुळे पीत नदीचा गाळ या शतकात सरासरीने वर्षाला तीस कोटी टनांच्याही खाली आला. सानमेनशियाच्या वेळी जे गृहीत धरले होते, ते खरे ठरले. पण त्यास पाच-सात वर्षे नव्हे, जवळजवळ अर्धे शतक लागले.

दुसरा मार्ग म्हणजे गाळ अडू न देता पुढे जाऊ देणे. ‘थ्री गॉर्जेस’ जलाशयाची पातळी पावसाळ्यात १४५ मीटरपर्यंत खाली ठेवली जाते, त्यामुळे पूर सामावण्यास जागा राहते व गढूळ पाणी वाहून जाते. पावसाळ्यानंतर तो १७५ मीटरपर्यंत भरला जातो. जपानमध्ये कोबे शहराजवळील नुनोबिकी धरणावर १९०८ मध्येच पुराचे पाणी व गाळ बाजूने काढून देणारा बोगदा तयार झाला होता.

तिसरा मार्ग म्हणजे साचलेला गाळ उपसणे. लहान तलावांत तो उपयुक्त ठरतो. मोठ्या जलाशयात त्याची मर्यादा साध्या हिशेबाने लक्षात येते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एका मालमोटारीत पाच घनमीटर गाळ मावतो असे धरले, तर एक टीएमसी गाळ काढण्यास सुमारे ५७ लाख फेऱ्या होतील. रोज एक हजार फेऱ्या केल्या, तरी हे काम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालेल.

महाराष्ट्राच्या संदर्भात

दख्खनच्या कठीण खडकातून वाहणाऱ्या नद्या हिमालयीन नद्यांइतका गाळ आणीत नाहीत. तरीही उघडे डोंगरउतार व बांधबंदिस्ती नसलेली शेते यांवरील माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. पैठणचा नाथसागर, कोयनेचा शिवसागर व उजनी यांसारखे जलाशय शेती, वीज, उद्योग आणि शहरांचा पाणीपुरवठा यांचे आधार आहेत. राज्यातील जलाशयांच्या गाळाच्या सर्वेक्षणाचे काम नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था करीत आली आहे. लहान तलावांतील गाळ काढून शेतात पसरविण्यासाठी राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. हा गाळ म्हणजे शेतातून गेलेली सुपीक मातीच असल्याने ती परत आणण्यात शेतकऱ्याचाही लाभ आहे. मात्र वरच्या उतारांची बांधबंदिस्ती झाली नाही, तर रिकामा केलेला तलाव काही पावसाळ्यांत पुन्हा भरतो, हे विसरून चालणार नाही.

या प्रश्नाला एक नैतिक बाजूही आहे. प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या तळाशी कोणाची तरी घरे, शेते व देवळे गेलेली असतात. ‘थ्री गॉर्जेस’साठी सुमारे तेरा लाख लोकांना स्थलांतर करावे लागले. महाराष्ट्रातही कोयना, जायकवाडी, उजनी यांसाठी अनेक गावे उठली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राज्याने १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ज्यांनी आपली भूमी दिली, त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडणाऱ्या पाण्यासाठी दिली. जलाशय अकाली गाळाने भरू देणे म्हणजे त्या त्यागाचे मोल कमी करणे होय. मंगला धरणाच्या उदाहरणावरून दिसते की, गमावलेली क्षमता भरून काढावयाची, तर पुन्हा कोणाला तरी गाव सोडावे लागते.

त्यादृष्टीने जलाशयाचे रक्षण हे केवळ पाटबंधारे खात्याचे काम उरत नाही. समतल चर व नालाबांध यांची कामे कोठे घ्यावीत, हे ठरविताना जलाशयाच्या वरच्या अंगातील उघड्या उतारांना ग्रामपंचायतीने अग्रक्रम द्यावयास हवा. गायरानात आळीपाळीने चराईबंदी पाळली, तर गवताची मुळे माती धरून ठेवतात. पहिल्या पावसात गावच्या ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून तळाशी किती माती बसली, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दाखविले, तर हा सारा विषय एका दिवसात त्यांच्या ध्यानी येईल. दरवर्षी त्याच ठिकाणचे पाणी तपासून नोंद ठेवली, तर गावातील मृदसंधारणाचा उपयोग होतो आहे की नाही, हेही त्या बरणीतून कळत जाईल.