भरतीचा सराव आणि ऊन

वाशिंद परिसरातल्या वस्त्यांमधली आपली मुलं-मुली पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलींना घरचं पाणी भरून निघेपर्यंत नऊ वाजतात आणि मुरमाच्या रस्त्यावर एक झाड नाही. 'धावू नका' असं आम्ही म्हणणार नाही. ती नोकरी घराला हवी आहे. पण एप्रिल-मेमध्ये सराव सातच्या आत आटपा. तेवढे दिवस पाणी भावाने भरलं तर बहिणीलाही पहाट मिळेल.

आपल्याकडची हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात नुसती उन्हात बसलेली माणसं दगावली. उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर पळू नये.

घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा. धावणाऱ्याला घामाने भिजलेला असतानाही तो होतो. अंग तापलंय आणि पोरगं असंबद्ध बोलतंय, झोकांड्या खातंय, की समजा. मग कांदा हुंगवत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, हंडे-बादल्यांनी अंगभर पाणी ओता, वारा घाला, कुणीतरी १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका.

नुसता थकवा किंवा पेटके असतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. चमचा चहाचा.