मैदानावरची दुखापत : दवाखान्यात पोहोचेपर्यंत



थंडी सरत आली की आपल्या वस्त्यांत मैदाने आखली जातात. १४ एप्रिलपर्यंत कुठे कबड्डी, कुठे टेनिस बॉलचे क्रिकेट, तर कुठे जयंतीची दौड चालूच असते. मैदान म्हणायचे, पण बहुतेक ठिकाणी ती नाल्याकाठची मुरमाड जागा असते, नाहीतर दोन चाळींमधले सिमेंटचे अंगण. पोरे पडतात, लागते, उठून पुन्हा खेळतात. चषक, मंडप आणि साउंडसाठी वर्गणी जमते. कापसाची गुंडाळी मात्र ऐनवेळी कुणाच्या तरी घरातून मागून आणावी लागते. हे आम्ही अनेक वस्त्यांत पाहिले आहे, म्हणून या वेळी आरोग्य पानावर हाच विषय घेतला.

यात आपले काय पणाला लागते तेही सांगतो. रोजंदारीच्या घरात हात मोडला की दीड-दोन महिन्यांची मजुरी जाते. पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावणाऱ्या पोराचा कोपर वाकडा जुळला किंवा गुडघा अधू राहिला, तर त्याची भरती तिथेच संपते. अशी कायमची अधूपणे पुष्कळदा पडण्यामुळे येत नाहीत. पडल्यानंतर पहिल्या तासात आपण जे करतो त्यामुळे येतात.

सर्वांत जास्त होते ते पाय मुरगळणे. घोटा सुजतो आणि लगेच कुणीतरी तेल घेऊन चोळायला बसते. चोळू नये. पहिले दोन दिवस मालीश नको, गरम पाण्याचा शेक नको, गरम विटेचा तर नकोच. आत फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत असते, चोळण्याने आणि शेकण्याने ते वाढते. खेळ थांबवावा, पाय उशीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर छातीपेक्षा उंच ठेवावा आणि बर्फ लावावा. घरी फ्रिज नसला तर सरबताच्या गाडीवर, मासळीवाल्यांकडे किंवा थंड पेयांच्या दुकानात बर्फ मिळतो. तो फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा, उघड्या कातडीवर थेट ठेवू नये. दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. नंतर क्रेप पट्टी बोटांकडून वर बांधत न्यावी. बोटे उघडी ठेवावीत, म्हणजे ती निळी किंवा गार पडताहेत का ते दिसते. तसे दिसले तर पट्टी सैल करावी.

घोटा मुरगळलाय की हाड मोडलेय, हे घरी पक्के कळत नाही. एक खूण मात्र चांगली आहे. मुलाला चार पावले चालता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे हाड हाताला लागते त्यावर दाबल्यावर तो कळवळत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नये. ‘मुका मार आहे, उतरेल’ असे म्हणत आठवडा घालवू नये.

हात मोडला असे वाटले तर

इथे आम्ही थोडे जास्त थांबणार आहोत, कारण सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. मूल हातावर पडते, कोपर सुजतो, आणि घरचे त्याला हाडवैद्याकडे नेतात. कारणे आम्हाला ठाऊक आहेत. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो, ओळखीचा असतो, आणि सरकारी दवाखान्यात दिवस मोडतो. पण सुजलेल्या कोपरावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, तर सूज आतल्या आत दाबली जाते आणि हाताकडे जाणारे रक्त तुटते. काही तासांत स्नायू मरू लागतात.

आमच्या कामाच्या भागातला अकरा वर्षांचा एक मुलगा कबड्डीत पडला होता. कामट्या बांधून दोन रात्री घरीच होता. रडला की आई समजूत घालायची, ‘हाड बसताना दुखतंच रे बाळा.’ तिसऱ्या दिवशी बोटे काळी पडली तेव्हा त्याला दवाखान्यात आणले. हात वाचला, पण बोटे आखडली ती कायमची. आता तो डाव्या हाताने लिहितो. आईचा यात काय दोष? दुखणे वाढत जाते ही धोक्याची खूण आहे, असे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून हे नीट लक्षात ठेवावे. पट्टी, कामटी किंवा प्लास्टर बांधल्यावर दुखणे कमी व्हायला हवे. ते वाढत गेले, बोटांना मुंग्या आल्या किंवा ती बधिर झाली, गार, पांढरी वा निळी पडली, दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळले, तर बांधलेले लगेच सोडावे आणि त्याच घटकेला दवाखाना गाठावा. डॉक्टरने घातलेले प्लास्टर असले तरी हेच लागू आहे. सकाळची वाट पाहू नये.

मोडलेला हात ओढून सरळ करू नये. निखळलेला खांदा तर मुळीच ओढू नये. आहे त्या स्थितीत आधार द्यावा. त्यासाठी जाड पुठ्ठा, घडी केलेले वर्तमानपत्र, लाकडी पट्टी, बंद केलेली छत्री, काहीही चालते. आधार दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून असावा. तो ओढणीने किंवा गमछाने बांधावा, पण नेमक्या दुखऱ्या जागेवर गाठ मारू नये. मग ओढणीचीच झोळी करून हात गळ्यात अडकवावा. बांगड्या, अंगठी, कडे आणि मनगटावरचा दोरा सूज चढण्याआधी काढावा. हाड कातडीबाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. वर स्वच्छ ओले फडके टाकावे आणि निघावे. शस्त्रक्रिया लागेल असे वाटले तर तोपर्यंत खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यायला पोट रिकामे लागते.

खरचटणे आणि रक्त

मुरमावर गुडघा सोलला तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावा आणि आतले खडे निघेपर्यंत धुवावा. हळद, चहापत्ती, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, माती यांतले काहीच भरू नये. दवाखान्यात हे सगळे खरवडून काढताना मुलाला दुप्पट सोसावे लागते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून उचलून पाहिले तर ते थांबत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा डोस मुलांनी घेतला आहे का, ते कार्डावर पाहून ठेवावे.

नाकातून रक्त आले तर डोके मागे टाकू नये, रक्त घशात जाते. पुढे वाकून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. कांदा हुंगवण्याची गरज नाही.

चेंडू लागून पक्का दात मुळासकट पडला तर तो फेकू नये. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलावा, घासू नये, कपभर दुधात टाकावा आणि अर्ध्या तासात दातांच्या डॉक्टरकडे न्यावा. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवत नाहीत.

डोके आणि मान

पकड झाल्यावर चार-पाच जण अंगावर कोसळतात, आणि खालच्याचे डोके सिमेंटवर आपटते. तो क्षणभर जरी बेशुद्ध झाला, गोंधळला किंवा ‘स्कोर किती’ हे पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर त्या दिवशी त्याला मैदानात उतरू देऊ नये. उपांत्य सामना असला तरीही. एक-दोन दिवस घरात कुणीतरी जवळ राहून लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, जागे न होणारी झोप, आकडी, हातापायातली ताकद कमी होणे, बोलणे अडखळणे, नाक-कानातून पाण्यासारखे किंवा रक्त येणे, यातले एकही दिसले तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

मानेला मार लागलेल्याला खांद्यावर टाकून धावत सुटणे ही आपल्याकडची मोठी चूक आहे. मान दुखते किंवा हातपाय बधिर वाटतात असे तो म्हणत असेल, तर त्याला हलवू नये. एकाने डोके दोन्ही बाजूंनी स्थिर धरावे आणि १०८ ला फोन करावा. हलवावेच लागले तर चार-पाच जणांनी डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर किंवा दरवाज्याच्या पल्ल्यावर घ्यावे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदांच्या मदतीने धुतले आणि खाटेवर ठेवले, ही विनयपिटकातली कथा आपण विहारात ऐकतो. त्यात भगवंतांनी डोके धरले आणि आनंदांनी पाय धरले, असा बारीक तपशील आहे. उचलणाऱ्यांनी आपापली जागा आधी ठरवावी, हे आम्ही पोरांना शिकवतो तेव्हा हीच कथा सांगतो.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ब्रँडी तर नाहीच. आकडी आली तर चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा यांत वेळ घालवू नये. दातांत काही घालू नये, कुशीवर वळवावे. श्वास चालू नसेल, हाक मारून आणि हलवून प्रतिसाद नसेल, तर १०८ लावायला सांगून दोन्ही तळवे छातीच्या मधोमध एकावर एक ठेवावेत. मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी. रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने दाबत राहावे.

एप्रिलच्या दौडीत उन्हाचा वेगळा धोका असतो. धावणारा बरळू लागला किंवा लडखडला आणि अंग तापले, तर सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून पुठ्ठ्याने वारा घालावा. दवाखान्यात नेतानाही ओले फडके चालू ठेवावे. आमच्या मते दौड सकाळी सातच्या आत संपवावी. पाहुण्यांना उशीर झाला तर पोरांनी उन्हात का उभे राहावे?

मुलींबद्दल एक सांगायचे आहे. आपल्या मुली आता कबड्डी खेळतात, पण लागले तर घरी सांगत नाहीत, कारण ‘उद्यापासून बंद’ हेच ऐकावे लागते. ओटीपोटात किंवा छातीला लागलेले तर महिनाभर लपवतात. संघाबरोबर एक ताई असावी, आणि विचारताना आवाज खाली असावा.

१०८ आणि दवाखाना

१०८ ची सेवा मोफत आहे. अडचण अशी की गाडी आपल्या गल्लीत शिरत नाही. फोनवर खूण सांगावी, विहार, निळे प्रवेशद्वार, पाण्याची टाकी, आणि एका पोराला टॉर्च देऊन नाक्यावर उभे करावे. रुग्ण तिथपर्यंत कशावर न्यायचा, तेही स्पर्धेच्या आधीच ठरलेले असावे.

खासगी दवाखान्याने ‘पोलीस केस आहे’ किंवा ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणून दारातून परत पाठवले, तर हे सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात निकाल दिला आहे. जखमीचा जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणे हे सरकारी आणि खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसांचे कागद नंतर. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानातल्या कलम २१ वर हा निकाल उभा आहे. आवाज न चढवता सांगावे, पण सांगावे. केसपेपर आणि एक्स-रे आपल्याकडे जपून ठेवावेत.

विहारातल्या पेटीत आम्ही हे ठेवतो : चार आणि सहा इंची क्रेप पट्ट्या, गॉज, कापूस, चिकटपट्टी, कात्री, साबण, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, तिकोनी कापड, सेफ्टी पिना, पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, टॉर्च. मेडिकलवर कागदात बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या दुखण्याच्या गोळ्या ठेवू नयेत. झाकणाच्या आतून १०८ आणि रात्री एक्स-रे होणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहावे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर दोघांनी पेटी उघडून औषधांच्या तारखा पाहाव्यात आणि संपलेले भरावे. पेटीला कुलूप नको. आमच्या एका विहारात होते, आणि चावी ज्यांच्याकडे होती ते गावी गेले होते.