एक आकडा आणि बंद पडणारा सर्व्हर

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरांवर खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारा हल्ला झाला. त्याची फिर्याद निगडी पोलीस ठाण्यात नोंदविण्यात आली. तेथे माहिती अडकली. परंतु माहितीला हात न लावताही दूरवरून सर्व्हर बंद पाडता येतो. जून २०१९ मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, उघडकीस आलेला दोष असाच होता.

जाळ्यावरून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. एका गठ्ठ्यात किती तुकडे आहेत, हे गाभा १६ बिटांच्या जागेत मोजून ठेवी. तीत ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. समोरच्या संगणकाने लहानात लहान तुकडे मागितले, तर प्रत्येकात केवळ ८ बाइट माहिती उरते. मग काही तुकड्यांचीच निवडक पोच मिळाली, की गाभा गठ्ठे एकत्र करी. अशा गठ्ठ्यात ३२ किलोबाइटचे १७ भाग, म्हणजे ५,५७,०५६ बाइट मावत. त्यांचे तुकडे होतात ६९,६३२. आकडा जागेत मावेना, हिशेब चुके आणि गाभा सारे यंत्रच थांबवी.

२००९ पासून दडलेल्या या दोषाची माहिती जाहीर झाली, त्याच वेळी दुरुस्तीही उपलब्ध झाली. मात्र उपलब्ध दुरुस्ती यंत्रावर बसविली जाईपर्यंत धोका कायम राहतो. ग्रामपंचायतीचे दाखले व शाळांचे निकाल ज्या सर्व्हरवर अवलंबून आहेत, त्यावर दुरुस्ती कोणी व केव्हा बसविली, याची नोंद कार्यालयाच्या दप्तरी असणे अगत्याचे आहे.