सिक्लिडच्या टाकीत जिवंत झाडे

मुलुंड (पूर्व)



सिक्लिड मासे आणि पाणवनस्पती एका टाकीत नांदत नाहीत, हा समज निम्माच खरा आहे. झाडांचे नुकसान तीन कारणांनी होते. काही जाती पाने खातात, काही अंडी घालण्यासाठी रेती उकरतात, आणि काहींना लागणारे पाणीच बऱ्याच झाडांना मानवत नाही. पाळायच्या माशाला यांतले कोणते कारण लागू पडते, हे ठरल्याशिवाय एकही रोप विकत घेऊ नये.

विचाराची सुरुवात नळापासून करावी. मुंबईच्या उपनगरांत येणारे पालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचे. पावसाचे पाणी काळ्या बेसॉल्टवरून वाहत येते आणि त्या दगडातून चुना फारसा सुटत नाही, म्हणून ते मऊ असते. सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. तेव्हा सामू आणि कठीणपणा मोजून घ्यावा. तपासणीच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. मऊ पाणी एंजल, डिस्कस, रॅम या दक्षिण अमेरिकी माशांना आणि पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसला जवळजवळ जसेच्या तसे चालते, फक्त आधी हायपो घालून क्लोरीन काढावे लागते. मुंबईच्या हवेत वर्षातला बराच काळ हीटरही लागत नाही. अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये पहिली टाकी मांडणाऱ्याने याच माशांपासून सुरुवात करावी. पाण्याशी रोज झगडावे लागले नाही, तर झाडांकडे बघायला वेळ उरतो.

हे मासे झाडांच्या मुळावर उठत नाहीत. एंजल उभ्या रुंद पानांवर अंडी घालते, म्हणून तिच्याबरोबर ॲमेझॉन स्वोर्ड शोभते आणि उपयोगीही पडते. क्रिबेन्सिसला गुहा हवी असते. अर्धी फोडलेली नारळाची करवंटी उकळून पालथी ठेवली की त्याचे भागते, आणि उकरणे बहुतेक त्या करवंटीपुरतेच राहते. अनुबियास हे झाड क्रिबेन्सिसच्याच मुलखातले, पश्चिम आफ्रिकेतल्या नदीकाठचे आहे. सिक्लिड पाळणाऱ्याला एकच झाड घेता येत असेल तर ते अनुबियास असावे. ते अळूच्या कुळातले आहे. अळू नीट शिजला नाही तर घसा खाजतो, तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक अनुबियासच्या जाड, चिवट पानांतही असतात, म्हणून पाने खाणारे मासेसुद्धा एकदा चावून ते सहसा सोडून देतात.

अनुबियास आणि जावा फर्न लावताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे त्यांचा आडवा कंद रेतीत पुरणे. पुरलेला कंद कुजतो आणि झाड आठवड्यांत मरते. कंद दगडाला किंवा लाकडाला काळ्या दोऱ्याने बांधावा किंवा फेविक्विकच्या थेंबाने चिकटवावा. मुळे पुढे आपणच दगड धरतात. उकरणाऱ्या माशांवरचा उपायही हाच आहे, कारण ज्याची मुळे रेतीत नाहीत ते उकरून निघत नाही. मुळे रेतीतच हवी असलेली स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन यांसारखी झाडे धारावीच्या कुंभारवाड्यात मिळते तशा बिनरंगाच्या मातीच्या कुंडीत लावावीत आणि वर मुठीएवढे गोटे रचावेत. मासे सोडण्याआधी झाडांना महिनाभर एकटे राहू द्यावे. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली रोपे बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात. टाकीत आल्यावर त्यांची जुनी पाने विरघळतात. ते पाहून रोप फेकू नये. मूळ शाबूत असेल तर नवी पाने येतात. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती सह्याद्रीच्या ओढ्यांत मूळच्याच आहेत, पण त्या रानातून उपटून आणू नयेत.

मलावी आणि टांगानिका सरोवरांतले मासे पाळायचे असतील तर कष्ट वाढतात. मलावीच्या पाण्याचा सामू साधारण 7.7 ते 8.6 असतो, टांगानिकाचा 9 च्या आसपास. मुंबईच्या मऊ पाण्यात आम्लता शोषणारे क्षार कमी असल्यामुळे माशांच्या विष्ठेवर जिवाणूंची प्रक्रिया होते तसा सामू हळूहळू खाली येतो. म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची खडी ठेवावी. पोवळ्याचे तुकडे कोणी दिले तरी घेऊ नयेत. खडक बांधणाऱ्या पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दगडावर व्हिनेगर टाकून फेस आला तर त्यात चुना आहे असे समजावे. आपला काळा पाषाण फेसाळत नाही. तो मलावीच्या खडकाळ किनाऱ्यासारखा दिसतो खरा, पण पाणी कठीण करण्याच्या कामी येत नाही.

अशा पाण्यात झाडांचे मोल अधिक असते. माशांपासून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. मुंबईच्या 28 अंशांच्या पाण्यात सामू 7 असेल तर विषारी रूप एक टक्क्याहूनही कमी असते. सामू 9 झाला की तेच 40 टक्क्यांच्या घरात जाते. झाडे हा अमोनिया अन्न म्हणून उचलतात. व्हॅलिस्नेरिया मलावी सरोवरातच उगवते आणि कठीण पाणी तिला आवडते, म्हणून तिची दाट रांग मागच्या काचेशी लावावी. तिच्या टाकीत ‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणारे औषध टाकू नये, त्याने तिची पाने गळतात. मलावीचे खडकांवर राहणारे मासे दगडावरचे शेवाळ खरवडून जगतात आणि कोवळी पानेही कुरतडतात. त्यांना उकडलेला पालक, मटार आणि स्पिरुलिनाचे खाद्य नियमित द्यावे. त्याने पानांवरचा मारा कमी होतो आणि अति प्रथिनांमुळे पोट फुगण्याचा रोगही टळतो.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांच्या टाकीत लावलेले झाड टिकवण्याचा हट्ट धरू नये. ते खाण्यापेक्षा उपटण्यातच रमतात. तिथे वर तरंगणारे हॉर्नवर्ट पुरे.

भारताचे स्वतःचे सिक्लिड मोजून तीन आहेत. कोकणच्या खाड्यांतला काळुंदर, म्हणजे केरळचा करीमीन, हा त्यांतला मोठा. केरळने 2010 मध्ये त्याला राज्यमासा घोषित केले. तो वनस्पती खाणारा आहे आणि वीतभराहून मोठा होतो, त्यामुळे झाडांच्या टाकीत त्याला जागा नाही. त्याचा धाकटा भाऊबंद, नारिंगी क्रोमाइड, बोटाएवढाच राहतो, झाडांना फारसे छळत नाही, आणि त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपून खाताना दिसतात. परदेशी माशांच्या गर्दीत हा आपला मासा मागे पडला, याची खंत वाटावी इतका तो सुंदर आहे. त्याला किंचित कठीण, चिमूटभर मिठाचे पाणी मानवते. जावा फर्न ते सहन करते.

प्रकाश दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. अनुबियाससारखी हळू वाढणारी झाडे जास्त उजेडात शेवाळाने माखतात, म्हणून दिव्याला टायमर लावावा. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. बाहेरून आणलेले प्रत्येक रोप तुरटीच्या पाण्यात बुडवून, मग साध्या पाण्यात धुऊन घ्यावे, म्हणजे त्याबरोबर गोगलगायी येत नाहीत. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावते. काच, दगड आणि रेती धरून भार तीनशे किलोंच्या वर जातो. अशी टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईवर, भिंतीला लागून ठेवावी.

छाटलेल्या फांद्या आणि नको झालेले मासे पवईच्या तलावात किंवा नाल्यात सोडू नयेत. बाजारात चिलापी म्हणून मिळणारी तिलापियाही सिक्लिडच; ती 1952 मध्ये देशात आणली गेली आणि आज तलावांतल्या मूळच्या माशांची जागा खात आहे. छाटणी उन्हात पूर्ण वाळवून ओल्या कचऱ्यात टाकावी, आणि मासे दुकानदाराला परत द्यावेत.

— काका